उघाडीचं दार मिटलं नाही

वहिनीचा उजवा हात खांद्यापर्यंत चिखलात असला की तिच्याशी बोलायचं नाही, हे मी नऊ वर्षांची असतानाच शिकले. ती नुकतीच लग्न होऊन आमच्या घरी आली होती. ओहोटी लागली की ती खाडीत उतरायची आणि मी टोपली घेऊन तिच्या मागे. चिंबोरीचं बीळ दिसलं की ती चिखलात आडवी व्हायची, गाल टेकायची आणि हात आत सारायची. डोळे मिटलेले. आत काय आहे ते ती बोटांनीच ओळखायची. "मादी हाय, पोटाशी अंडी हायत. ऱ्हाऊ दे तिला," असं म्हणून रिकामा हात काढून घ्यायची. कधी झटकन मागे सरायची आणि म्हणायची, "चल पुढं. आत जनावर हाय." जनावर म्हणजे साप. तिला एकदाही साप चावला नाही. चिंबोरीच्या नांग्यांनी मात्र कितीदा तरी धरलं असेल. तेव्हा ती शिव्या द्यायची आणि हसायची.

आमचं गाव पेणपासून फार लांब नाही. एसटीने अर्धा तास, आणि फाट्यावर उतरून बांधावरून चालत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मधे मातीचा उंच बांध. ती जमीन मुळात समुद्राचीच. आमच्या मागच्या पिढ्यांनी टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून बांध घातला आणि ती खाडीकडून मागून घेतली. काहींनी तिथे मिठागरं केली, आमच्या लोकांनी भात लावलं.

बांधाला एका जागी दगडी मोरी असते आणि मोरीला खाडीच्या बाजूने लाकडी दारं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी आतून त्या दारांना ढकलतं आणि खाडीत निघून जातं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दारं आपोआप मिटतात. कोणाला हात लावावा लागत नाही. आत गोडं पाणी, बाहेर खारं. आमच्या गावाचं जेवणखाण, लग्नकार्य, सगळं त्या दोन दारांवर चाललेलं होतं. आमच्या बाजूच्या उघाडीवर माझा दादा लक्ष ठेवायचा. आमचे वडील, आबा, गेल्यावर ते काम त्याच्याकडे आलं. पावसाळ्याआधी दारांना काळं तेल लावायचं, फळी कुजली असेल तर बदलायची, बिजागऱ्या बघायच्या. एवढंच काम, पण तो ते देवपूजेसारखं करायचा.

खाडीत कचरा कधीपासून येऊ लागला, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही. एक दिवस मला आठवतो. मी दहावीला असेन. वहिनीने बिळातून हात बाहेर काढला तर मुठीत दुधाची रिकामी पिशवी. तिने ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "बग गो बाय, चिंबोरीच्या घरी पावणे आलेत. च्या टाकलाय." आम्ही दोघी चिखलात बसून पोट दुखेस्तोवर हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं. पिशवी तिने तिथेच बाजूला फेकली.

दहावीनंतर मी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागले. आधी मूर्ती घासायला, मग पितांबराला रंग द्यायला, आणि पुढे हात बसल्यावर डोळ्यांच्या आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीला नजर देणं. ते काम मिळालं तेव्हा मी घरी पेढे नेले होते. मी गेले तेव्हाच शाडू मागे पडून प्लास्टर आलं होतं. हलकं, पटकन वाळणारं, लांबच्या गावाला पाठवताना न फुटणारं. मूर्ती गवतात, पुढे पुढे प्लास्टिकात गुंडाळून ट्रकने जायच्या. त्या कुठे बुडतात, बुडल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न त्या शेडमध्ये माझ्यासमोर कोणी काढला नाही. मीही काढला नाही. मी आठ वर्षं डोळे आखले.

मग लग्न होऊन रोह्याला आले. नवरा धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो. रोह्यात सगळ्यांच्या घरी असतात तसे आमच्याही न्हाणीत दोन निळे ड्रम आले, पाणी भरायला. असलाच एक ड्रम नवऱ्याने एका दिवाळीत टेम्पोत घालून माझ्या माहेरीही पोचवला. दादाला त्याचं केवढं कौतुक! तांब्याचा हंडा फुटला तर जोडायला पेणला न्यावा लागतो, हे भांडं जन्माला पुरेल, म्हणाला.

माहेरी जायचे ते सणाला. दर वेळी वहिनीची टोपली थोडी हलकी झालेली असायची. ती तक्रार करणाऱ्यातली नाही. "औंदा चिंबोरी रुसलीय," एवढंच म्हणायची. एकदा आम्ही दोघी खाडीतले बोय मासे साफ करत होतो. तिने एका माशाच्या पोटातून बोटाने निळे धागे ओढून काढले, नायलॉनच्या दोरीचे. दुसऱ्यातही निघाले. तिने ते राखेत टाकले, मासे तीन पाण्यांनी धुतले आणि कालवण केलं. आम्ही जेवलो. चव तीच होती.

एका पावसाळ्याआधी दादा मला उघाडीवर घेऊन गेला. मोरीच्या तोंडाशी पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांची लंगोटं, असा गुडघाभर थर होता. मी विचारलं, "हे एवढं येतं कुठून?" दादा म्हणाला, "दोन्हीकडनं येतं. ओहोटीला पेणचं, भरतीला जगाचं." त्याने एक बाटली उचलून दाखवली. तिच्यावरची अक्षरं मराठी नव्हती, इंग्रजीही नव्हती. कुठल्या बोटीवरून कोणी पाणी पिऊन फेकलेली, देव जाणे. नदीकाठच्या गावांमधलं, शहरातल्या गटारांतलं, बाजारातलं, सगळं पावसाबरोबर वाहत खाडीत येतं. खाडी ते समुद्राला देते. समुद्र त्यात आपलं घालून परत करतो. बोटींनी कापून टाकलेली जाळी त्याच्यासोबत येतात, आणि त्या जाळ्यांत बाकीचं सगळं गुंततं. दादा दर आठवड्याला ते काढायचा आणि बांधावर ढीग घालून जाळायचा. त्या धुराने त्याला खोकला लागला तो लागलाच.

सहा वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावास्या. आबांचं पान त्या दिवशी असतं. मी सकाळच्या गाडीने पेणला उतरले आणि साडेनऊला घरी पोचले. वहिनीने भोपळा चिरून ठेवला होता, अळूवड्यांचे उंडे उकडत होते. मी वड्यांचं पीठ मळायला घेतलं. नुकतेच गणपती होऊन गेले होते आणि पाऊस अजून गेला नव्हता. भात फुलोऱ्यातून बाहेर पडून दाण्यात दूध भरायला लागलं होतं. घराच्या मागच्या दारातून ते दिसायचं, वाऱ्याने सगळं एका बाजूला झुकलेलं. वहिनी म्हणाली, "औंदा चांगलं हाय. दिष्ट लागंल म्हणून मी बगतच नाय."

अमावास्येचं उधाण दुपारी चढतं. साडेदहा-अकराच्या सुमारास बांधाकडून कोणीतरी ओरडलं, "उघाडी मिटत नाय!"

दादा जसा होता तसा पळाला. वहिनीचे हात डाळीच्या पिठाने भरलेले होते, तशीच तीही. मी गॅस बंद करून मागोमाग गेले. मोरीजवळ पोचले तर पाण्याचा आवाज कानात मावत नव्हता. एक दार मिटलं होतं. दुसरं वीतभर उघडं राहिलं होतं आणि त्या वीतभर जागेतून खाडी आमच्या शेतात शिरत होती. गढूळ, फेसाळलेलं पाणी. पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी बांबूने दाराखाली टोचत होतं, कोणी पोत्यांत चिखल भरून मोरीत लोटत होतं. पोती दोन क्षण थांबायची आणि पाण्याबरोबर आत जायची.

"बांबूनं काय व्हनार?" वहिनी म्हणाली. "हातानं बगाय लागंल काय अडकलंय ते."

"नको उतरू. ओढ हाय लई," दादा म्हणाला.

"मंग कोन उतरनार? तुला कळतंय हातानं?"

दादाने दोर मागवला. खरंच होतं ते. गावात तिच्याइतकं हाताला कळणारं कोणी नव्हतं. तिने कासोटा घट्ट केला, कमरेला दोर बांधून घेतला. दोराचं टोक दादाने आणि आणखी दोघांनी धरलं. ती खाडीच्या बाजूने दाराला लगटून छातीभर पाण्यात उतरली, गाल फळीला टेकवला आणि हात खाली घातला. डोळे मिटले. त्या गोंगाटात मी सवयीने गप्प झाले.

"जाळं हाय," ती म्हणाली. "नायलॉनचं. लई मोठं. त्याच्यात काय काय गुंतलंय."

दादाने विळा दिला. ती आंधळ्यासारखी कापत राहिली आणि एकेक वस्तू वर देत राहिली. मी बांधावर गुडघ्यांवर बसून ते तिच्या हातून घेत होते. मखराचा सोनेरी रंग दिलेला थर्माकोलचा खांब. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, झेंडूच्या रंगाच्या. चपला. सलाइनची बाटली. खिळे ठोकलेल्या पट्ट्या. पोत्याचे तुकडे. एका गणपतीचा कोपरापासून खालचा हात, रंग पूर्ण गेलेला, पांढरा. तो माझ्या हातात आला तेव्हा मनात आलं की हा जोह्याचा असेल का. असेलही. ओळखण्यासारखं त्याच्यावर काही उरलं नव्हतं. मी तो बाजूला ठेवला आणि पुढची वस्तू घेतली.

मधेच ती हळू आवाजात "आई गं" म्हणाली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काय नाय. टोचलं कायतरी."

आणि ती परत खाली हात घालून कामाला लागली. अजून अर्धा तास तरी ती पाण्यात होती. एकदा दार हललं. सगळे ओरडले, "आलं, आलं!" ते चार बोटं सरकलं आणि पुन्हा अडलं. खाली आणखी काही तरी होतं, मोठं, चेपलेलं, दगडात आणि फळीत पाचरीसारखं बसलेलं. ते तिला हलेना. पाणी तिच्या हनुवटीला लागलं तेव्हा दादाने काही न विचारता दोर ओढला आणि तिला वर घेतलं.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सगळे बांधावर उभे राहिलो. पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना दिसत होतं, अगदी सावकाश. आधी मोरीमागच्या खोलगट चोंढ्यात, मग आमच्या खालच्या खाचरात, मग वरच्या. भात उभंच होतं, नुसतं बुडख्यापासून पाण्यात. कोणाला कळणार नाही की काही बिघडलंय. दादा खाली उतरला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

भरती उतरल्यावर ते दाराखालचं निघालं. निळा ड्रम होता, फुटून चपटा झालेला. घरी येऊन मी आधी अंगणात गेले. आमचा ड्रम पन्हाळीखाली जागेवर होता, पाण्याने भरलेला. दुसऱ्या कोणाचा तरी होता तो. पण मला त्याने हायसं वाटलं नाही.

आबांचं पान त्या दिवशी दुपारी चारला ठेवलं गेलं. त्याला कावळा शिवला की कुत्र्याने खाल्लं, ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा वहिनीचा तळवा सुजला होता. बोटांच्या मुळाशी एक भोक, तांदळाएवढं. तिने हळद भरून फडकं बांधलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." ती म्हणाली, "व्हय, दाखवते." मला गाडी पकडायची होती. मी तिला हाताला धरून पेणला नेलं असतं तर दोन तासांचं काम होतं. ते मी केलं नाही.

चार दिवसांत भाताची पाती टोकापासून करपत खाली आली. लोंब्या पांढऱ्या पडल्या. हातात घेऊन दाबल्या तर नुसती फोलं. पाचव्या दिवशी दादाचा फोन आला, तो भाताबद्दल काहीच बोलला नाही. "तुज्या वयनीचा हात कोपरापत्तुर काळा पडलाय," म्हणाला.

पेणच्या डॉक्टरांनी हात बघताक्षणी पुढे पाठवलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मी तिच्याजवळ तीन आठवडे राहिले. हात वाचला, पण मधली दोन बोटं काढावी लागली. बाकीच्या बोटांच्या शिरा आखडल्या. तिथले एक तरुण डॉक्टर रोज विचारायचे, "नक्की काय टोचलं होतं? खिळा? सुई? काच?" वहिनी पहिले दोन दिवस आठवायचा प्रयत्न करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सायेब, खाडीत काय काय हाय ते मी कसं सांगू?"

पट्टी सुटल्यावर ती उरलेली बोटं एकमेकांवर घासत बसायची. मला वाटलं, दुखत असतील. मी चोळून देऊ का विचारलं. ती म्हणाली, "दोन गेली त्याचं काय नाय गो बाय. पन ही जी ऱ्हायलीत ना, त्यांना काय कळत नाय. चादर धरलीय का तुजा हात धरलाय, मला बगाय लागतंय."

मी तिच्यासमोर रडले नाही. जिन्यात जाऊन रडले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गावाने परत भात लावलं. मीठ धुऊन जायला एक पावसाळा पुरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी लावलं. निम्मं उगवलं. दादाने उघाडीपुढे बांबूंची जाळी ठोकली, म्हणजे कचरा दारापर्यंत येणार नाही. कचरा जाळीला अडला, त्याची भिंत झाली आणि ओहोटीला पावसाचं पाणीच बाहेर जाईना. शेत आतून तुंबलं. लोकांनी जाळी मोडायला लावली. जाळी मोडली तसं पुढच्या उधाणाला दार पुन्हा अडकलं. दादाने अर्ज लिहिले, कचेरीच्या पायऱ्या चढला. तिथल्या माणसांनी त्याला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, चहाही पाजला. त्यांच्यापैकी एकाने त्याला सरळ सांगितलं, "दार नवीन बसवून देऊ शकतो. पण अडकणाऱ्या वस्तू कुठून थांबवणार?" दादा म्हणाला, तो माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडता आलं नाही.

एका रविवारी शहरातून मुलं-मुली आली. सगळ्यांचे सारखे टीशर्ट, हातात रबरी मोजे. फार चांगली होती ती. दुपारपर्यंत उन्हात वाकून त्यांनी खाडीचा काठ साफ केला. गावातल्या बायकाही उतरल्या. वहिनीने सगळ्यांना डाव्या हाताने कोकमाचं सरबत दिलं. एका मुलीने तिच्या हाताकडे पाहिलं आणि मग सगळा वेळ ती तिच्या आसपास राहिली, जाताना पायाही पडली. पोती भरभरून बांधावर रचली गेली. ती न्यायला गाडी येणार होती. पहिल्या दिवशी आली नाही. आठवड्याने दादाने फोन केला. गाडीची व्यवस्था होते आहे, असं उत्तर आलं. उन्हाने पोत्यांची शिवण सुटली, कुत्र्यांनी काही फाडली. पौर्णिमेच्या उधाणाने बांधाची खालची कड खाल्ली आणि पोती एकेक करून पाण्यात गेली. दादा बांधावर उभा राहून बघत होता. तो आत धावला नाही, कोणाला हाकही मारली नाही.

मीही रोह्यात काही केलं. केलं म्हणजे करून पाहिलं. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, आमच्या इमारतीत घरोघरी दिल्या. बायकांनी कौतुकाने घेतल्या. वहिनीची गोष्ट सांगितली तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभराने त्याच पिशव्यांमध्ये कोणी कांदे ठेवलेले, कोणी कपडे धुण्याचे चिमटे. कोलंबीवाली मला म्हणाली, "ताई, तुमच्या कापडातून पाणी गळतं, तुमच्याच साडीवर." तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मी घेतली. मी स्वतः कितीदा पिशवी विसरून बाजारात गेले, ते कोणाला सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे रोज सकाळी दोन दुधाच्या पिशव्या येतात. त्या कापून, धुऊन मी वेगळ्या ठेवते. कचऱ्याची गाडी येते तेव्हा त्या सगळ्यांच्या कचऱ्यात जातात. पुलावर उभं राहिलं की कुंडलिका नदी दिसते. तिच्यातून काय जातं ते मी पूर्वी बघत नव्हते. आता बघते. त्याने काय फरक पडतो, हे मला अजून कळलेलं नाही.

नवऱ्याला मी एकदा तावातावाने विचारलं, "तुमच्या कंपनीतून हे ड्रम, या गोण्या, कुठे जातात?" तो नुकताच रात्रपाळीहून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "गाडीत. गेटपर्यंत मला माहिताय." चिडून नव्हे, खरंच आठवून सांगितल्यासारखं तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी गावात भात लावणारी तीन-चारच घरं उरली. चौथ्या वर्षी बांध एका जागी फुटला आणि तो बांधायला माणसं जमली नाहीत. जी तरणी होती ती पनवेलला, धाटावला, जोह्याच्या कारखान्यांत गेलेली. आता आमच्या खाचरांत दिवसातून दोनदा भरती येते. तिथे कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवलंय, कमरेएवढं झालंय. दादाला कोणीतरी सांगितलं, कांदळ तोडायला आता बंदी आहे, गुन्हा होतो. म्हणजे उद्या बांध नीट झाला तरी ती जमीन भाताची होणार नाही. एका परीने ती तिच्या मूळ मालकाकडे गेली म्हणायचं. पण कांदळाच्या मुळांमध्येही पिशव्या अडकल्यात, फांद्याफांद्यांना लोंबतात. पाणी उतरलं की झाडांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्यासारख्या दिसतात. निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, तिथे अजून उड्या मारतात. चिंबोऱ्या असतील तर असतील. हात घालून बघणारं कोणी नाही.

दादा दिवसभर घरी असतो. खोकतो. कधी उघाडीपर्यंत चालत जातो. दारं आहेत अजून, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना आता सारखंच पाणी. तेल लावणं त्याने सोडलं.

वहिनी रोज एसटीने पेणला जाते. रामवाडीजवळ एका ठिकाणी पापड आणि पोहे पाकिटांत भरायचं काम मिळालंय. भरणं तिला जमत नाही, बोटं वळत नाहीत. ती पाकिटाचं तोंड मशीनमध्ये धरते आणि पायाने पट्टी दाबते. पाकीट बंद होतं. मी एकदा तिला भेटायला तिथे गेले होते. तिच्यासमोर चकचकीत पाकिटांचा डोंगर होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बगू नको अशी. मला कळतंय सगळं. पन घरात बसून कोन जेवाय घालनार?" आणि पट्टी दाबली. शेजारच्या बाया हसल्या. तीही हसली. दुसरं काय करणार होती?

या वर्षी गौरीला गेले होते. निघताना वहिनीने माझ्या हातात एक पुडकं दिलं. आत सुकट आणि थोडे सुके बोंबील. आमच्या घरात मासळी विकत आणलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी पुडकं उलटसुलट करून पाहिलं.

"पेनच्या बाजारातली हाय," ती म्हणाली. "चव नाय तिला. पन माहेराहून रिकाम्या हातानं कशी धाडू तुला?"

"कशाला गो वहिनी..."

"ठेव. गाडीत वास मारंल, डबल पिशवीत घातलीय."

फाट्यापर्यंत दादा सोडायला आला. गाडी आल्यावर तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर." मी हो म्हटलं. खिडकीतून मागे पाहिलं तर तो वळून घराकडे निघाला होता, अगदी हळू.

रात्री रोह्यात मी त्या सुकटीची चटणी केली. कांदा, लसूण, कोकम, सगळं वहिनीसारखं घातलं. नवरा जेवताना म्हणाला, "कुठली गं?"

"पेणच्या बाजारातली."

त्याने मान डोलावली आणि भाकरी मोडली.